व्यापारधोरणाची समीक्षा आणि कापसाचा भाव

‘समीक्षा’ हा शब्द आम्ही साहित्याचे शिक्षक स्वतःच्या मालकीचा समजत आलो आहोत. कादंबरीची समीक्षा, काव्याची समीक्षा, फार तर समीक्षेची समीक्षा, एवढा त्याचा परीघ. परंतु एखाद्या सार्वभौम देशाने इतर देशांसमोर बसून आपल्या व्यापारधोरणाची समीक्षा करवून घ्यावी, तिचे अहवाल छापले जावेत आणि हा व्यवहार तीन दशकांहून अधिक काळ नियमाने चालू राहावा, ही गोष्ट आपल्या चर्चाविश्वात जवळजवळ नाहीच. ती असायला हवी असे आम्हांस वाटते. एक तर हा व्यवहार मुळात एक लेखनप्रकार आहे. त्याला ठरलेला घाट आहे, निवेदक आहे, टीकाकार आहे, श्रोतृवर्गही आहे. दुसरे असे की, या लेखनाचा परिणाम ज्यांच्या अंगणात उतरतो ती माणसे त्यात कुठेच बोलत नाहीत. आम्ही जळगाव-धुळ्याकडचे लोक अशाच अंगणात राहतो. तेव्हा हा प्रकार आम्ही कसा वाचला, ते येथे मांडतो.

आधी त्याचे स्वरूप पाहू. गॅट कराराच्या काळात, १९८९ साली, ‘व्यापारधोरण पुनरावलोकन यंत्रणा’ सुरू झाली. १९९४ च्या माराकेश कराराचे तिसरे परिशिष्ट तिला वाहिलेले आहे, आणि १९९५ पासून ती जागतिक व्यापार संघटनेचे एक स्थायी अंग आहे. जगाच्या व्यापारात ज्याचा वाटा मोठा, त्याची पाळी लवकर येते. चार सर्वांत मोठ्या व्यापारी घटकांचे पुनरावलोकन पूर्वी दर दोन वर्षांनी होई, नंतरच्या सोळांचे दर चार वर्षांनी, इतरांचे दर सहा वर्षांनी. २०१९ पासून या मुदती तीन, पाच आणि सात वर्षे अशा झाल्या. प्रत्येक वेळी दोन अहवाल तयार होतात. एक त्या देशाचे सरकार लिहिते, दुसरा संघटनेचे सचिवालय. इतर सदस्य आगाऊ लेखी प्रश्न पाठवतात. मग जिनिव्हा सरोवराकाठच्या मुख्यालयात बैठक भरते, एक चर्चक व्यक्तिगत नात्याने बोलतो, प्रतिनिधी आपापली निवेदने वाचतात, आणि देश उत्तरे देतो. शिक्षा कसलीच नाही. या समीक्षेचा उपयोग कोणावर बंधन लादण्यासाठी किंवा तंटा चालवण्यासाठी करायचा नाही, असे परिशिष्टातच म्हटले आहे.

भारताची अशी समीक्षा १९९३, १९९८, २००२, २००७, २०११, २०१५ आणि २०२१ या वर्षी झाली. सातवी बैठक ६ आणि ८ जानेवारी २०२१ रोजी भरली. त्या तारखांकडे थोडे लक्ष द्यावे. सप्टेंबर २०२० मध्ये घातलेली कांद्याची निर्यातबंदी त्याच १ जानेवारीला उठली होती. दिल्लीच्या सीमांवर शेतकरी थंडीत बसून होते. आणि बैठक होऊन महिनाही लोटला नाही तोच अर्थसंकल्पाने आयात कापसावर सुमारे ११ टक्के शुल्क बसवले. म्हणजे ज्या ग्रंथाची समीक्षा चालली होती, त्याची पाने समीक्षेच्या आधी पाच दिवस बदलली होती आणि नंतर पंचवीस दिवसांनी पुन्हा बदलली.

या अहवालांची भाषा वाचताना आमच्यातला व्याकरणाचा शिक्षक जागा झाला. सचिवालयाचा अहवाल नेहमी त्याच चार प्रकरणांत चालतो: आर्थिक पर्यावरण, व्यापार व गुंतवणुकीची व्यवस्था, उपायांनुसार धोरणे, क्षेत्रांनुसार धोरणे. क्रियापदे बहुधा कर्मणी असतात. शुल्क वाढवण्यात आले, निर्बंध शिथिल करण्यात आले, निर्यात थांबवण्यात आली. कर्ता दिसत नाही, आणि ज्याचे नुकसान झाले तोही दिसत नाही. सरकारचा अहवाल याच्या उलट आत्मकथनाच्या थाटाचा: अडचणी होत्या, आम्ही सुधारणा केल्या, गरिबांचे हित जपले. आत्मचरित्र आणि त्यावरचा तटस्थ अभिप्राय एकाच वेष्टनात मिळावा, असा हा दुर्मीळ योग आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने तो एकदा तरी वाचावा.

कोणी म्हणेल, खान्देशचा याच्याशी संबंध काय? संबंध जुना आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि इथल्या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक भाव आला. त्याच दशकात आगगाडी भुसावळपर्यंत पोहोचली. जळगावचा उदय या रुईच्या गाठींवर झाला. युद्ध संपले, भाव कोसळला. दूर देशीच्या निर्णयाने घरातली रास स्वस्त होते, हा धडा आमच्या पणजोबांच्या पिढीने तेव्हाच गिरवला. पुढे १८८२ साली इंग्रज सरकारने जवळजवळ सर्व आयातशुल्के काढून टाकली. १८९६ साली आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवताना इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तितकाच अबकारी कर बसवला, तो मँचेस्टरला झळ लागू नये म्हणून. हा कर १९२५-२६ पर्यंत टिकला. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल यांचे कापड या कराच्या सावलीत विणले गेले.

या धोरणांची समीक्षाही मराठी माणसाने तेव्हाच केली होती. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. विलायती मालाने साळी-कोष्ट्यांसारख्या कारागिरांवर आणलेली उपासमार आणि करांखाली दबलेला कुणबी, हे दोन्ही त्यांनी एकाच पुस्तकात पाहिले. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात न्यायमूर्ती रानड्यांनी खुल्या व्यापाराचे सिद्धान्त सर्व देशांना सारखे लागू पडत नाहीत, असे प्रतिपादन केले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपुरास काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि त्यात शेतीविषयक कार्यक्रम संमत झाला. म्हणजे केळीच्या बागांच्या मुलखात उभारलेल्या मंडपातही धोरणाचा विचार झाला होता. आज ही परंपरा आम्ही वर्गात शिकवतो, पण तिच्यापुढचे पान उघडत नाही.

आता गेल्या काही वर्षांतले एक उदाहरण सविस्तर पाहू. समीक्षेचा खरा पेच त्यात आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी समितीपुढे एक निवेदन ठेवले. भारत आपल्या कापूस उत्पादकाला जो आधार देतो तो अनुज्ञेय मर्यादेच्या, म्हणजे उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या, कितीतरी पुढे जातो, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ओईसीडी आणि दिल्लीची इक्रियर ही संस्था यांनी भारताच्या कृषिधोरणांचा आढावा प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा की, २००० ते २०१६ या काळात सरकारी धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्यांचे ढोबळ उत्पन्न सरासरी सुमारे १४ टक्क्यांनी घटले. पहिले निवेदन एका कापसाविषयी आहे, दुसरा आढावा एकंदर शेतीविषयी. तरीही विषय एकच, शेतकऱ्याला धोरणाने काय दिले. एक समीक्षक म्हणतो, त्याला मर्यादेबाहेर मदत मिळते. दुसरा म्हणतो, त्याच्यावर छुपा कर आहे.

दोघांपैकी कोणी खोटे बोलत नाही. फरक वाचनपद्धतीचा आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषिकरारातील सूत्रात आधारभूत किंमत आणि १९८६-८८ या वर्षांची गोठवलेली बाह्य संदर्भ किंमत यांतला फरक काढतात आणि त्याला ‘पात्र उत्पादना’ने गुणतात. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या भावाशी आजच्या भावाची वजाबाकी केली की फरक मोठा येणारच. ओईसीडीच्या पद्धतीत त्या-त्या वर्षीच्या जागतिक भावाशी तुलना असते. देशात निर्यातबंदीने भाव पाडलेला असेल तर उत्तर उणे येते. आणि ‘पात्र उत्पादन’ म्हणजे काय? भारताचे म्हणणे, सरकारने प्रत्यक्ष खरेदी केलेला माल. अमेरिकेचे म्हणणे, ज्याला आधारभूत किंमत लागू होऊ शकते तो सर्व माल. एका विशेषणाचा अर्थ कसा लावायचा, यावर लाखो क्विंटल कापूस अनुदानित ठरतो किंवा ठरत नाही.

येथे आमच्या भाषेकडेही वळून पाहावे लागते. आधारभूत किमतीला आम्ही मराठीत ‘हमीभाव’ म्हणतो. त्या शब्दातच हमी आहे. जणू प्रत्येक बोंडामागे सरकार उभे आहे. वस्तुस्थिती खान्देशात कोणालाही ठाऊक आहे. भारतीय कापूस महामंडळाचे खरेदी केंद्र सुरू होईपर्यंत वाट पाहायची, ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भावातून कपात आणि बाराच्या वर गेला की माल परत, २०२५ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी. आणि उसनवारी फेडायची असेल तर तोवर थांबायचे कोणी? मग व्यापारी दारात येतो, खेडा खरेदीत काटा लागतो आणि हमीभावाच्या खाली सौदा होतो. जिनिव्हाचे सूत्र आणि आमचा मराठी शब्द, दोघेही एकाच कल्पितावर उभे आहेत: भाव जाहीर झाला म्हणजे तो मिळाला. सूत्राला आम्ही परकीय म्हणून नावे ठेवतो. शब्द मात्र आपलाच आहे.

शरद जोशींचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या कार्यालयात नोकरी करून ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसले. भारताने गॅटच्या वाटाघाटींत दिलेल्या आकड्यांतच शेतकऱ्याचा आधार उणे दिसतो, हे ते सभांतून सांगत. ‘उणे सबसिडी’ हा शब्द त्यांनी मराठी शेतकऱ्याच्या तोंडी बसवला. डंकेल प्रस्तावाला त्यांनी पाठिंबा दिला तेव्हा डावे-उजवे दोघेही रागावले. त्यांच्या खुल्या बाजारावरील विश्वासाशी आम्ही पूर्णपणे सहमत नाही. तरीही परकीय मंचावरचे कागद गावच्या सभेत उलगडून दाखवणारा दुसरा समीक्षक आमच्या पाहण्यात नाही.

आता सचिवालयाच्या अहवालांतल्या एका निरीक्षणाकडे येतो. भारत महागाई आटोक्यात ठेवण्यासाठी आयातशुल्क आणि निर्यातनिर्बंध वरचेवर बदलतो, आणि या वारंवार होणाऱ्या बदलांमुळे व्यापाऱ्यांपुढे अनिश्चितता निर्माण होते, असा त्याचा आशय. हे वाचून आम्ही थबकलो. चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातला कापूसवाला याहून वेगळे काय म्हणतो? एप्रिल २०१० मध्ये कापसाच्या निर्यातीची नोंदणी थांबली. ५ मार्च २०१२ रोजी निर्यातबंदी आली आणि आठवडाभरात मागेही घेतली गेली. खुद्द कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला विचारले गेले नसल्याचे तेव्हा जाहीर केले. २०२१-२२ च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तर एप्रिल २०२२ मध्ये आयातशुल्क काही महिन्यांसाठी माफ झाले. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल या आशेने लोकांनी कापूस घरात साठवला. ओसरीत, माडीवर, झोपायच्या खोलीत कापूस. त्यातल्या किड्यांनी लेकरांच्या अंगाला खाज सुटली, तरी कापूस विकला नाही. भाव आला नाही. ज्या घरांत आम्ही त्या उन्हाळ्यात गेलो, तिथे बसायला जागा कापसाच्या ढिगाच्या कडेला होती.

२०२५ चे उदाहरण ताजे आहे. अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा वस्त्रोद्योगाला दिलासा म्हणून १९ ऑगस्टपासून कापसाचे आयातशुल्क माफ झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. खान्देशात तोवर कपाशी फुलापात्यांवर होती. लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत ८,११० रुपये जाहीर झालेली पाहून पेरणी झाली होती, आणि वेचणीच्या आधी बाजाराचे गणित बदलले. डाळींचीही हीच कथा. ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीला दोन लाख टनांची मर्यादा घातली गेली, मे २०२१ मध्ये आयात मुक्त झाली. जळगावच्या डाळमिलवाल्याला स्वस्त तूर हवी असते आणि मिलच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला महाग. दोघेही एकाच गावचे. म्हणून सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. सूत महाग झाले की यंत्रमाग बंद पडतात, कांदा महाग झाला की शहरी मजुराचे ताट रिकामे होते. आमचा आक्षेप बदलाला नाही. एकाने पेरल्यानंतर दुसऱ्यासाठी नियम बदलायचा आणि त्याचा हिशेब कोणालाच द्यायचा नाही, याला आहे.

या मंचाचे गुणगान करण्याचाही आमचा हेतू नाही. इथे प्रश्न विचारणारे स्वतः काय करतात, तेही सर्वांना ठाऊक आहे. ब्राझीलने २००२ मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध तक्रार केली, २००५ पर्यंत ती जिंकली, आणि २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस संस्थेला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. आपल्या शेतकऱ्याचे अनुदान वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या शेतकऱ्याला पैसे देण्याचा हा प्रकार अर्थशास्त्रापेक्षा विनोदी साहित्यात अधिक शोभला असता. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी २००३ पासून कापसाचाच प्रश्न लावून धरला; त्यांच्याजवळ ब्राझीलइतके बळ नव्हते. केळीच्या बाबतीत तर आम्ही प्रेक्षकही नव्हतो. युरोप आणि लॅटिन अमेरिका यांच्यात केळीवरून जो तंटा चालला तो २०१२ मध्ये अधिकृतपणे संपला. जगात सर्वाधिक केळी पिकवणारा देश भारत. पण रावेर-यावलची केळी दिल्लीच्या वाटेला लागत होती आणि त्या कज्जात तिचे नाव नव्हते.

तरीही या व्यवहारात एक गोष्ट आहे जी आमच्याकडे नाही. तिथे प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. कॅनडाने तुरी-वाटाण्यावरच्या निर्बंधांबद्दल विचारले तर भारत सरकारला बसून उत्तर लिहावे लागते, आणि ते उत्तर कागदपत्रांत राहते. हा प्रश्न अहवालाच्या अमुक पानावरील तमुक परिच्छेदाचा दाखला देऊन विचारलेला असतो. आमच्या संसदेत प्रश्नोत्तरे होतात, माहितीचा अधिकार आहे, हे खरे. पण दर काही वर्षांनी संपूर्ण व्यापारधोरण टेबलावर ठेवून, ज्यांच्यावर त्याचा परिणाम झाला त्यांच्या प्रश्नांना ओळीने उत्तरे देण्याची प्रथा देशात नाही. दूरच्या देशाला जो हक्क आहे तो घरच्या माणसाला नाही.

२०२५ च्या दिवाळीनंतर आम्ही एम.ए.च्या वर्गात हाच घाट अभ्यासाला घेतला. समीक्षेची भाषा शिकवायची होती, म्हणून मुलांना जिनिव्हाच्या पद्धतीने प्रश्न लिहायला सांगितले: आधी परिच्छेदाचा दाखला, मग प्रश्न, विशेषणे वर्ज्य. बऱ्याच जणांच्या घरी कापूस आहे. त्यांना विशेषणे टाळणे जड गेले. चोपडा तालुक्यातल्या एका मुलीने लिहिले: ‘आयातशुल्क ऑगस्टमध्ये माफ करताना पेरणी जूनमध्ये पूर्ण झाली होती, ही बाब कोणत्या टिपणीत विचारात घेतली आहे, ते कृपया सांगावे.’ दुसऱ्याने विचारले, पात्र उत्पादन मोजताना माझ्या वडिलांनी खेडा खरेदीत दिलेले बारा क्विंटल कोणत्या रकान्यात आहेत. इतकी शिस्तबद्ध समीक्षा त्या वर्षी आम्ही कवितेच्या उत्तरपत्रिकांतही वाचली नाही.

हे प्रश्न पाठवायचे कुठे, असे मुलांनी विचारले. त्यावर आम्ही त्यांना तिसऱ्या परिशिष्टाचा दुसरा भाग वाचून दाखवला. तो फारसा उद्धृत होत नाही. त्याचे शीर्षक ‘देशांतर्गत पारदर्शकता’ असे आहे. व्यापारविषयक सरकारी निर्णय आपल्या देशातल्या लोकांपुढे खुले असण्याला मूळचेच मोल आहे, हे सदस्य मान्य करतात आणि तशा पारदर्शकतेला उत्तेजन देण्याचे कबूल करतात, असे त्यात म्हटले आहे. पुढे एक अट आहे: हे सारे स्वेच्छेने, आणि ज्याच्या त्याच्या कायदेशीर व राजकीय व्यवस्थेनुसार. या भागावर भारताची सही आहे. ती स्वेच्छा वापरायला जिनिव्हाची परवानगी लागत नाही. पुढच्या पुनरावलोकनाचा सरकारी अहवाल मराठीत यावा, तो जिनिव्हाला जाण्याआधी जळगाव आणि धुळ्याच्या बाजार समित्यांत ठेवला जावा, आणि तिथे विचारलेल्या प्रश्नांना लेखी उत्तर मिळावे, एवढी मागणी त्या भागाच्या आधारे करता येते. अहवालांच्या अधिकृत भाषा तीन आहेत, इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश. त्यांतून मराठीत आणण्याचे काम कोणाचे, असे विचारले तर आम्ही आधी आमच्याच विभागांकडे बोट दाखवू.